जुनं प्रवासवर्णन घेताना आधी नकाशा उघडून बघा

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या 19व्या शतकातल्या प्रवासवर्णनाची पहिली आवृत्ती विकत घेतो, आणि घरी आल्यावर कळतं की आतला नकाशाच गायब आहे. या पुस्तकांची बरीचशी किंमत नकाशात असते, म्हणून पैसे देण्याआधी एवढं करा:

1. त्याच आवृत्तीची स्कॅन प्रत इंटरनेट आर्काइव्ह किंवा हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयांवर उघडा. आतल्या शीर्षकपानावरचं साल आणि मुद्रकाचं नाव दोन्ही जुळवा. उदाहरणार्थ, अमेरिकी लष्करी अधिकारी आणि शोधप्रवासी जॉन फ्रेमाँटचा रॉकी पर्वतांच्या मोहिमेचा अहवाल 1845 साली वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या दोन सभागृहांसाठी, म्हणजे सिनेटसाठी वेगळा आणि प्रतिनिधिगृहासाठी वेगळा, छापला गेला. साल एकच, मुद्रक वेगळे.

2. चित्रं एकेक करून मोजा. चित्र कुणी कापून काढलं असेल तरी समोरच्या पानावर त्याची फिकट तपकिरी सावली बऱ्याचदा उरते. सावली आहे आणि चित्र नाही, तर प्रत अपुरी.

3. विक्रेत्याकडून नकाशा पूर्ण उलगडलेला फोटो मागा, पाठीमागचाही. घड्यांच्या कोपऱ्यांवर भोकं किंवा चिकटपट्टी तिथेच दिसते. फ्रेमाँटचा मोठा नकाशा बऱ्याचदा मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात सुटा असतो, त्यामुळे तोच आधी हरवतो. पुस्तकाची पानं डागाळलेली आणि नकाशा मात्र कोरा पांढरा असेल, तर ती नंतरची नक्कल समजून चौकशी करा.

एक सांभाळा: स्कॅन करणारे घडीचे नकाशे पुष्कळदा न उलगडताच सोडून देतात. स्कॅनमध्ये नकाशा नाही म्हणून मूळ पुस्तकातही नव्हता असं धरू नका. डेव्हिड रमसी या जुन्या नकाशांच्या ऑनलाइन संग्रहात तो स्वतंत्र शोधा.