लांब रात्रींत बदकाच्या पिल्लांसाठी शेडमधला दिवा

दिवस लहान होऊ लागले की पिल्लांच्या शेडमध्ये अंधार लवकर शिरतो आणि सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. आईविना ब्रूडरमध्ये, म्हणजे कृत्रिम ऊब दिलेल्या रिंगणात वाढणाऱ्या बदकाच्या पिल्लांसाठी या रात्री धोक्याच्या असतात, आणि त्याला एकटी थंडी कारण नसते. सकाळी शेड उघडावे तर एका कोपऱ्यात पिल्लांची चळत लागलेली, तळातली गुदमरून मेलेली. अंगावर जखम नाही, आजाराचे लक्षण नाही. मग खाद्यावर संशय, पाण्यावर संशय, साथीची भीती. बऱ्याचदा खरे कारण एवढेच असते की रात्री पत्रा वाजला किंवा उंदीर धावला, मिट्ट काळोखात कळप बिथरला आणि पिल्ले एकमेकांवर चढली. असे नुकसान एका मंद दिव्याने टळू शकते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच ही तजवीज करून ठेवा.

बदक इतके का बिथरते, हे समजून घेतले की दिवा कुठे आणि किती ठेवायचा हे आपोआप सुचते. मस्कव्ही ही निराळ्या कुळाची जात सोडली तर पाळीव बदकांच्या जाती मॅलार्ड या रानबदकापासून आलेल्या आहेत. मॅलार्ड ओळीने झोपतात तेव्हा कडेची बदके बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात आणि मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूतल्या विद्युतलहरी मोजून हे दाखवले गेले. म्हणजे बदकाचा रात्रीचा पहारा नजरेवर चालतो. उघड्यावर अमावास्येलाही आभाळाचा थोडा उजेड असतो; चारी बाजूंनी बंद केलेल्या शेडमध्ये तोही नसतो. आवाज कानावर येतो पण काय आहे ते दिसत नाही, तेव्हा पिल्लू पळते, आणि एक पळाले की सगळी पळतात. त्यांना आजूबाजूचे दिसेल इतका उजेड असला की तोच आवाज ऐकून ती माना वर करतात, बघतात आणि पुन्हा बसतात.

आता मुख्य सल्ला. ऊब आणि उजेड यांची सोय वेगवेगळी करा. बहुतेक ठिकाणी एकाच बल्बवर दोन्ही कामे टाकलेली असतात, आणि गडबड तिथेच होते. थंडी वाढली की आपण बल्ब खाली आणतो किंवा जास्त वॅटचा लावतो, त्याबरोबर उजेडही वाढतो. एखादी रात्र उबदार गेली आणि बल्ब बंद केला, तर उजेडाची सवय लागलेल्या पिल्लांवर एकदम काळोख पडतो. उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर किंवा ब्रूडर प्लेट (पिल्ले जिच्याखाली बसतात ती तापणारी पाटी) वापरता आली तर उत्तम. उजेडासाठी छोटा एलईडी निराळा लावा.

इन्फ्रारेड बल्बच वापरणार असाल तर तो साखळीने टांगा, वायरवर लोंबकळत ठेवू नका. २५० वॅटचा बल्ब गादीपासून, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या भुश्शाच्या थरापासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीवर असावा, भोवती जाळीचे संरक्षण असावे. बदकाची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांपेक्षा कितीतरी जास्त पाणी उडवतात, आणि तापलेल्या काचेवर थेंब पडला तर बल्ब फुटतो. कोरड्या भुश्शावर तापलेली काच पडली की आग लागायला वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा. काच फुटू नये म्हणून काही उष्णतेच्या बल्बांवर टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा थर दिलेला असतो. तो तापला की निघणारा वायू पक्ष्यांना मारक असतो, आणि बंद खोलीत पिल्ले थोड्याच वेळात दगावतात. वेष्टनावर तसा उल्लेख दिसला तर तो बल्ब शेडमध्ये आणूच नका.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान पुरते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवत जा. चार-पाच आठवड्यांनंतर कडाक्याची थंडी नसेल तर वेगळी ऊब लागत नाही. थर्मामीटर असला तरी रात्री एकदा पिल्ले कशी झोपली आहेत ते स्वतः बघा. हीटरखाली गर्दी म्हणजे थंडी, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकणे म्हणजे उकाडा, सगळीकडे सैल पसरून झोपलेली म्हणजे बेत जमला. मंद दिव्याचा हा एक फायदाच आहे. टॉर्च न मारता, पिल्लांना न दचकवता दारातूनच हे बघता येते.

पहिले तीन दिवस उजेड भरपूर द्या. पिल्लांना अजून पाणी आणि खाद्य कुठे आहे ते शोधायचे असते, म्हणून त्यांच्या पातळीवर २० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) किंवा त्याहून थोडा जास्त उजेड जवळजवळ दिवसभर आणि रात्रभर असावा. मात्र २४ तासांतला एक तास मुद्दाम पूर्ण अंधार करा. संध्याकाळी, तुम्ही जवळपास असताना. वीज एखाद्या रात्री जाणारच आहे, आणि त्या रात्री पिल्लांना अंधार पहिल्यांदाच भेटू नये. चौथ्या दिवसापासून मोठा दिवा रोज तासभर कमी करत आणा. दुसरा आठवडा संपेपर्यंत स्वच्छ उजेडाचे १६ तास आणि उरलेला वेळ मंद दिवा, इथवर यायला हरकत नाही.

मंद म्हणजे किती मंद? निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. त्यापासून एक लक्सपर्यंत कुठेही चालेल. मोबाइलवरचे उजेड मोजणारे ॲप इतक्या कमी उजेडात भरवशाचे नसते, त्यापेक्षा साधी कसोटी घ्या. शेडमध्ये दहा मिनिटे उभे राहा, डोळे सरावू द्या. पाण्याचे भांडे, खाद्याचे भांडे आणि पिल्लांच्या आकृती ओळखू आल्या पाहिजेत, पण छापील मजकूर वाचता येऊ नये. एका ब्रूडरच्या रिंगणाला अर्ध्या वॅटचा एलईडी खूप होतो. जुना झिरोचा बल्ब असेल तर तो जरा उंच लावा. लांब शेडला एक मोठा दिवा लावण्यापेक्षा अंतराअंतरावर दोन-तीन छोटे लावा. एकाच दिव्याने सावल्या लांब आणि गडद पडतात, आणि पिल्ले उजेडाच्या टोकाला गोळा होऊ लागतात.

सावलीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. दिवा स्वतः हलता कामा नये. वाऱ्याने झुलणारा बल्ब भिंतीवर रात्रभर सावल्या नाचवतो आणि पिल्लांना झोपू देत नाही. पंख्याच्या पात्यांमागे दिवा नको, टांगलेल्या खाद्यभांड्यामागेही नको. रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे शेडमधून फिरत असतील तर त्या बाजूला गोणपाट लावा. रात्री आत जायचेच असेल तर आधी बाहेरून नेहमीच्या आवाजात दोन शब्द बोला, मग दार हळू उघडा, टॉर्च जमिनीकडे धरा. पिल्ले आवाज ओळखतात. रिंगण गोल ठेवा. चौकोनी खोली असेल तर कोपरे पत्र्याने किंवा पुठ्ठ्याने गोलाकार बुजवून घ्या, म्हणजे कळप पळाला तरी अडकून चेंगरणार नाही.

रात्री खाद्य ठेवले तर पाणी ठेवलेच पाहिजे. कोरडे खाद्य बदकाच्या पिल्लाच्या घशात अडकते, ते पाण्याच्या घोटाबरोबरच उतरते. गादी कोरडी राहावी म्हणून पाणी उचलणार असाल तर खाद्यही उचला, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तेही करू नका. पाण्याचे भांडे चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल असावे, पण पिल्लाला आत शिरता येऊ नये. आईच्या पिसांचे तेल न लागलेले पिल्लू लवकर भिजते, आणि भिजलेल्या पोटाने थंड रात्र काढणे त्याच्या जिवावर बेतते. भांड्याखाली जाळी आणि त्याखाली परात ठेवा. मंद दिव्याची जागा ठरवताना भांड्यावर इतर ठिकाणांपेक्षा किंचित जास्त उजेड पडेल असे बघा.

मोठा दिवा बंद होण्याच्या अर्धा तास आधी मंद दिवा लागलेला असावा, आणि सकाळी मोठा दिवा लागल्यावरच तो विझावा. दोन टायमर लावले तर हे आपोआप होते. विजेचा भरवसा नसेल तर वीज जाताच आपोआप लागणारा बॅटरीचा एलईडी घ्या. सौर दिव्याच्या बाबतीत सावध राहा. लहान आणि ढगाळ दिवसांत त्याची बॅटरी पुरती भरत नाही, आणि तो पहाटेच्या आधीच विझतो. रात्रभर उजेड असून ऐन थंडीच्या प्रहरी एकाएकी अंधार होणे हे सुरुवातीपासूनच्या अंधारापेक्षा वाईट. लावायचाच असेल तर एखाद्या पहाटे उठून तो चालू आहे का हे डोळ्यांनी बघा. आणि कोणताही दिवा उंदीर, घूस किंवा मांजर यांना रोखत नाही. त्यासाठी १२ मिलिमीटरची मजबूत जाळीच लागते, जमिनीलगत तर नक्कीच.

लाल दिव्याबद्दल एक समज पसरलेला आहे की पक्ष्यांना तो जाणवत नाही, म्हणून कितीही तेज चालतो. हा समज अंड्यांसाठी वाढवलेल्या बदकांत महाग पडू शकतो. फ्रान्सचे शास्त्रज्ञ जाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात वयात न आलेल्या नर बदकांवर प्रयोग करून दाखवले की कृत्रिम उजेडाने त्यांची वृषणे अकाली वाढतात, आणि डोळ्यांवाचूनही हा परिणाम होतो. उजेड कवटीतून थेट मेंदूत पोचतो, तिथल्या पेशी तो टिपतात, आणि पिसे, कातडी व हाड यांतून लाल उजेडच सर्वांत जास्त आत जातो. पहिल्या आठ आठवड्यांच्या पिल्लांना त्याने बिघडत नाही. मांसासाठीची बदके तर सात-आठ आठवड्यांत विक्रीला जातात, त्यांनाही फरक पडत नाही. पण अंड्यांच्या बदकांसाठी आठ आठवड्यांनंतर रात्रीचा दिवा लाल असो की पिवळा, मंदच राहिला पाहिजे. तो तेज झाला की बदकाच्या शरीराच्या हिशेबात रात्र दिवसात जमा होते.

या हंगामातल्या पिल्लांच्या बाबतीत हे जास्त जपावे लागते. आता जन्मलेली पिल्ले वयात येण्याच्या सुमारास दिवस पुन्हा मोठे होऊ लागलेले असतात, आणि वाढता दिवस त्यांना लवकर अंड्यावर आणतो. शरीर पुरते भरण्याआधी अंडी सुरू झाली की ती लहान येतात, आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. उपाय सोपा आहे. पिल्ले २० आठवड्यांची होतील त्या तारखेला तुमच्याकडे सूर्याचा दिवस किती तासांचा असेल ते पंचांगातून काढा. समजा तो १३ तासांचा निघाला, तर आठव्या आठवड्यापासून रोज स्वच्छ उजेड १३ तासच द्या, कमी पडेल तेवढा दिव्याने भरा. मग दिवस त्यांच्यासाठी वाढतच नाही. २० आठवड्यांनंतर दर आठवड्याला अर्धा ते एक तास वाढवत १४ ते १६ तासांवर आणा, आणि अंडी चालू असेपर्यंत तो कमी होऊ देऊ नका.

पिल्ले ब्रूडरमधून मोठ्या शेडमध्ये हलवायची असतील तर सकाळी हलवा, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्यांना जागा ओळखीची होते. पहिल्या काही रात्री जुनाच मंद दिवा तिथे नेऊन लावा, त्याच रंगाचा, तेवढ्याच उंचीवर, आणि पाण्याचे भांडेही तेच ठेवा.