लाठीकाठी शिकताना आधी पाय, मग हात

सुरुवात काठी निवडण्यापासून. गोव्यात आणि सिंधुदुर्गात माणगा बांबू मिळतो. तो बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव असतो, म्हणून लाठीला उत्तम. पावसाळा सरल्यावर तोडलेला जून बांबू घेऊन सावलीत सुकवा. जमिनीवर उभी केली की काठी कानाला लागावी आणि मुठीत सहज मावावी. टोके गाठीजवळ कापा, म्हणजे चिरत नाहीत. गाठींचे कंगोरे काचकागदाने घासून घ्या, नाहीतर तळहात सोलवटतात.

जागा मोकळी हवी. पावसात चिऱ्याच्या अंगणावर शेवाळ धरते, तिथे सराव नकोच. भातकापणीनंतर वायंगण, म्हणजे दुसरे भातपीक, न लावलेला शेताचा कोपरा मिळाला तर फारच छान.

आता पवित्रा. डावा पाय पुढे, दोन्ही पायांत खांद्यांएवढे अंतर, गुडघे किंचित वाकलेले. काठी बाजूला ठेवा आणि नुसते पुढे-मागे सरका. पाय एकमेकांना ओलांडता कामा नयेत आणि डोके वरखाली होता कामा नये. नवशिक्यांना हे कंटाळवाणे वाटते, पण मी सर्वात जास्त वेळ इथेच द्यायला सांगेन. वाराचा जोर पायांतून कंबरेत आणि तिथून हातात येतो. नुसत्या हाताने मारणाऱ्याचा खांदा दुखतो आणि समोरच्याशी अंतरही राखता येत नाही. शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, डिचोली-सत्तरी तालुक्यांकडे घोडेमोडणी हा तलवारी घेऊन केला जाणारा लोकनाच पाहायला गेलात तर तलवारीवरून नजर काढून नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहा. कमरेला लाकडी घोडा बांधूनही ते तोल न ढळता पुढे जातात आणि मागे येतात.

पाय बसले की काठी मधोमध धरून अंगासमोर आडव्या आठच्या आकारात फिरवा. मनगट फिरते, कोपर अंगाजवळ राहते. वेगाची घाई नको. डाव्या हातालाही तेवढाच सराव द्या.

मग वार. काठी एका टोकाकडे दोन्ही हातांनी धरा. डोक्यावरचा तो शिर, गालाकडचा तमाचा; त्यानंतर कंबर आणि गुडघा. प्रत्येक वार हवेत, ठरल्या उंचीवर थांबवायला शिका. काठी थांबवता येत नाही तोवर जोडीने खेळू नका. जोडीचा सराव वस्तादांसमोरच, डोक्याला हेल्मेट घालून, आणि आधी संथ मोजणीवर.

सराव झाला की काठी पुसा, अधूनमधून जवसाचे तेल चोळा आणि आडवी ठेवा. बारीकशी चीर दिसली तरी ती काठी पुन्हा सरावाला घेऊ नका.