श्रद्धा आपली की गल्लीची, हे कसं तपासायचं

हे तपासायला भर गर्दीसारखी जागा नाही, आणि सोलापूरकरांना ती दर जानेवारीत दारातच मिळते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला, म्हणजे त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्याजवळ उभे राहा. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलत आणतात, संमती म्हणजे लग्नाची वचनं वाचली जातात, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ होतं आणि चारी बाजूंनी अक्षता उडतात. त्या क्षणी आपल्या हाताकडे लक्ष द्या. शब्द कानावर पडले म्हणून हात वर गेला, की शेजारणीचा गेला म्हणून? मागच्या गर्दीत मला शब्द धड ऐकूच येत नाहीत. पुढच्यांचे हात दिसले की माझा हात सुटतो. यात वाईट काहीच नाही, सोहळा सगळ्यांनी मिळूनच करायचा असतो. पण अक्षता टाकणं वेगळं आणि सिद्धरामेश्वरांवर श्रद्धा असणं वेगळं. आधी एवढं मनात सुटं करा.

मग एक वही घ्या. मोबाईल नको, तो घरात कुणीही उघडतं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब लिहिते, म्हणून मला वहीचा भरवसा वाटतो. डाव्या पानावर चारचौघांत काय काय करता ते लिहा: उपास, आरती, वर्गणी, दर्शन. उजव्या पानावर, गेल्या वर्षभरात खरोखर एकटे होता तेव्हा त्यातलं काय केलंत ते लिहा. ‘एकटी असते तर केलं असतं’ हे उत्तर धरायचं नाही, घडलेलंच लिहायचं. माझा सोमवार असाच पारखला गेला. कामासाठी हैदराबादला लॉजवर होते, खालच्या हॉटेलातून इडली-सांबाराचा वास येत होता, बघणारं कुणी नव्हतं. तरी मी केळी न् शेंगदाणे खाऊनच दिवस काढला. सोमवार माझा आहे. त्याच मुक्कामात संकष्टी येऊन गेली, ती मला आठवलीसुद्धा नाही. ती मी सासूबाईंसाठी धरते, आणि पुढेही आनंदाने धरेन.

देव न मानणाऱ्यांनीही हीच वही करावी. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. नारळी पौर्णिमेला इथे सोलापुरात मार्कंडेय रथोत्सवात तो मनापासून रथ ओढतो, आणि परत जाताना मनगटावरचा दोरा बाहीच्या आत सारतो. ‘मावशी, तिथं दिसला तर सगळे हसतेत.’ खोलीवरच्या पोरांसमोर तो नास्तिक आहे. तिथली त्याची नास्तिकताही उसनीच म्हणायची, फक्त सावकार बदलला.

दोन पानं जुळली नाहीत तर लगेच घोषणा करू नका. प्रत्येक फरकापुढे एक नाव लिहा: हे सोडलं तर नाराज कोण होईल? आणि ती नाराजी किती महाग पडेल? नणंद दोन दिवस बोलणार नाही, ही एक किंमत. भाड्याची खोली जाईल, बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडेल, मयताला चार खांदे मिळणार नाहीत, ही दुसरी. पुष्कळदा आपण पहिलीलाच दुसरी समजून गप्प बसतो. पण दुसरी खरोखरच समोर असेल तर गप्प राहणं हा भित्रेपणा नव्हे. पोटापाण्याची सोय होईपर्यंत थांबावं, असं मी तरुण मुलींना अगदी स्पष्ट सांगते.

दरम्यान एक माणूस शोधा. एकच पुरतो, आणि हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. कार्डावरच्या तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढंच सांगायचं. बाकीचे सगळे ठरवून एकसारखं चुकीचं उत्तर देत. तेव्हा खऱ्या उमेदवारांपैकी साधारण तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. दिसत होतं वेगळं, पण वेगळं पडायचं नव्हतं, असं काहींनी नंतर सांगितलं. मात्र खोलीत बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला, तर चुकीची उत्तरं पाव भागावर यायची. गुपचूप कागदावर लिहायला दिलं, तरी ती कमी व्हायची. वहीचा आग्रह मी त्यासाठीच धरते.

सोबती शोधताना सवाल अंगावर टाकू नये. ‘तू देव मानतेस का?’ विचारलं की समोरची लगेच सावध होते. ‘तुला यातलं काय आवडतं?’ असं विचारा, तेही दोघीच असताना.

घरात दबाव आपलाच असेल, तर तोही बघा. आरती चालू असताना सगळ्यांसमोर ‘काय रे, हात जोड की’ म्हटलं, तर पोरगा हात जोडेल आणि तुम्हाला त्याच्या मनातलं कधीच कळणार नाही. एकट्याला विचारा. नको म्हणाला तर प्रसाद त्यालाही तेवढाच द्या.

आणि गोष्ट नाराजीच्या पुढे गेली, म्हणजे जात पंचायतीने किंवा भावकीने घर वाळीत टाकलं, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रार पोलिसांत देता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. कोण काय बोललं, कुठल्या तारखेला, कुणासमोर, हे त्याच वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.