चुंबकीय क्षेत्राचा परिणाम प्लॅनेरियावर कसा तपासावा

न जुळणाऱ्या हाडांवर स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्राची उपकरणे वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1979 मध्ये मान्यता दिली. तरीही असे क्षेत्र पेशींवर नेमके काय करते, हे अजून पुरते उलगडलेले नाही. छोट्या प्रयोगशाळेत हा प्रश्न हाताळायचा असेल, तर प्लॅनेरिया हा चपटा कृमी सोयीचा ठरतो, कारण निओब्लास्ट या मूलपेशींच्या बळावर तो तुटलेला भाग दोन आठवड्यांत पुन्हा घडवतो. वेस्टर्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना 2019 मध्ये असे आढळले, की 200 मायक्रोटेस्लाच्या (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) स्थिर क्षेत्रात ही नवी वाढ खुंटते आणि 500 मायक्रोटेस्लात ती उलट वाढते. परिणाम तीव्रतेनुसार दिशाच बदलत असल्यामुळे येथे मोजमापातली ढिलाई चालत नाही.

प्रयोगापूर्वी आठवडाभर कृमींना यकृताचा आहार देऊ नये आणि त्यांना क्लोरीनविरहित पाण्यात, अंधारात, सुमारे 20 अंश सेल्सिअसला ठेवावे. कापताना बर्फावर ओला गाळणकागद ठेवून त्यावर कृमी घ्यावा; थंडीने त्याची हालचाल मंदावते. मग धारदार पात्याने घशाच्या पुढे व मागे सरळ काप देऊन मधला तुकडा वापरावा.

खरी कसोटी क्षेत्र निर्माण करणाऱ्या तारेच्या गुंडाळीत आहे. प्रवाह वाहिला की गुंडाळी तापते, आणि एखाद्या अंशाच्या उष्णतेनेही पुनर्जननाचा वेग बदलतो. त्यामुळे नुसती बंद गुंडाळी नियंत्रण गटासाठी पुरेशी नाही. दोन तारा एकत्र गुंडाळाव्यात: प्रयोगगटात दोन्हींतून प्रवाह एकाच दिशेने सोडावा, नियंत्रण गटात परस्परविरुद्ध दिशांनी, म्हणजे उष्णता तेवढीच राहते पण गुंडाळीचे क्षेत्र जवळजवळ शून्य होते. तरीही दोन्ही डिशमधील पाण्याचे तापमान मोजावेच.

पार्श्वभूमीचे क्षेत्रही नोंदवावे. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे साधारण 40 ते 45 मायक्रोटेस्ला असते, आणि इनक्युबेटरच्या पंख्याची मोटर किंवा लोखंडी फळी त्यात सहज फेरफार करते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली होती, यावरून ही मोजणी किती नाजूक असते ते कळावे. म्हणून डिश लाकडी किंवा अ‍ॅक्रिलिकच्या आधारावर ठेवाव्यात आणि तीन अक्षांचा चुंबकमापी नेमक्या डिशच्या जागी धरून वाचन घ्यावे.

तिसऱ्या दिवशी कापाच्या टोकाशी रंगद्रव्य नसलेली पांढुरकी ऊती दिसते, हाच ब्लास्टीमा. तुकडे लहानमोठे असल्यामुळे त्याचे क्षेत्रफळ एकूण तुकड्याच्या क्षेत्रफळाने भागूनच तुलना करावी. छायाचित्रांवर केवळ सांकेतिक क्रमांक असावेत आणि मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. येथे अनेक जण फसतात ते संख्येत: एकाच गुंडाळीत ठेवलेले दहा कृमी म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. प्रयोग वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करावा, दर वेळी दोन गुंडाळ्यांच्या कामांची अदलाबदल करावी आणि विश्लेषणात प्रत्येक फेरी हेच एकक धरावे. मोजून झाल्यावरही तुकडे चौदाव्या दिवसापर्यंत सांभाळावेत, कारण डोळ्यांचे दोन्ही ठिपके नीट उमटले का, यावरूनच वाढ नुसती लांबली की बिघडली, हे ठरवता येते.