टपल स्पेस शिकताय? आधी ‘टेक’ समजून घ्या

१९८५ साली येलच्या डेव्हिड गेलर्नटरनं लिंडा या टपल स्पेसवर चालणाऱ्या भाषेवर निबंध लिहिला, आउट, इन, आरडी, इव्हॅल ही चार ऑपरेशन्स, पाच मार्क. टपल स्पेस, म्हणजे अनेक प्रोग्राम जिथे नोंदी टाकतात आणि उचलतात ती सामायिक जागा, बहुतेक जण एवढीच वाचतात. मी म्हणेन, प्रोजेक्टला हीच घ्या. मास्टर प्रोग्राम कामं (टास्क) स्पेसमध्ये टाकतो, ज्या वर्कर प्रोग्रामला सवड असेल तो उचलतो. कोण कुठल्या मशीनवर आहे हे एकमेकांना ठाऊक नसलं तरी चालतं. लॅबमधलं जुनं डबडं एक टास्क संपवतं तोवर नवं मशीन चार उरकतं, आणि कामवाटपाचा कोड तुम्ही लिहिलेलाच नसतो.

आता खड्डा, ज्यात मी आपटलो. जावास्पेसेस म्हणजे जावामधली टपल स्पेस. तिच्यात टेक केलं, म्हणजे एन्ट्री (नोंद) उचलली, की ती स्पेसमधून जाते, उरते फक्त वर्करच्या मेमरीत. तेवढ्यात वर्कर मेला की टास्क गेलं. मास्टरकडे ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये ओळ. तो शेवटच्या रिझल्टची वाट बघत बसतो आणि आपण रात्र रात्र त्याचाच कोड उकरत बसतो.

म्हणून टेक ट्रान्झॅक्शनखाली करा, म्हणजे कमिट झालं तरच सगळं पक्कं, नाहीतर सगळं रद्द. आणि रिझल्टचं राइटसुद्धा त्याच ट्रान्झॅक्शनखाली! राइटला ट्रान्झॅक्शनऐवजी नल दिलंत आणि कमिटआधी वर्कर पडला, तर रिझल्ट स्पेसमध्ये राहतो, टास्कही परत येतं, दुसरा वर्कर ते पुन्हा करतो आणि बेरजेत तेच उत्तर दोनदा. शिवाय ट्रान्झॅक्शनला लीज, म्हणजे मुदत असते, ती संपली की ट्रान्झॅक्शन रद्द. टास्कला मिनिट लागतंय आणि लीज ३० सेकंदांची, तर धडधाकट वर्करच्या हातातलं कामही जातं. लीज रिन्यू करत राहा.

बाकीचं किरकोळ आहे, जमेल. एन्ट्रीच्या फील्डमध्ये साधा इंट नको, इंटिजर ऑब्जेक्ट घ्या. टेम्प्लेटमधलं, म्हणजे हवी ती एन्ट्री शोधायच्या नमुन्यातलं, नल म्हणजे काहीही चालेल. एन्ट्री कुठल्या क्रमाने मिळतील याची हमी नाही.

‘हे जुनाट सोड, थेट काफ्का (संदेश पोचवणारी सिस्टिम) शिक’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. रेडिस या डेटाबेसच्या लिस्टवर बीआरपॉप करून काम काढून घेतलंत तरी हाच खड्डा आहे, तिथे बीएलमूव्ह वापरून काम दुसऱ्या लिस्टमध्ये राखून ठेवतात. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या मेसेज क्यूमधला व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेला मेसेज काही काळ इतरांपासून लपवणं, याच दुखण्यावरचा इलाज. ट्युटोरियलमधून कॉपी केलेल्या कोडला यातलं काही माहीत नसतं.

सबमिशनच्या आधी चालू वर्करवर किल -९ (प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करणारी कमांड) मारून बघा. टास्क लगेच दिसलं नाही तर घाबरू नका, लीज संपेपर्यंत ते परत येत नाही.