घरातल्या जुन्या गाड्यांची वही कशी करायची

गेल्या दसऱ्याला पार्किंगमधे गाडीला हार घालत होतो आणि बाबा म्हणाले, अगं एक हार कमी पडला, चेतकचा राहिला. चेतक स्कूटर विकून वीसेक वर्षं झालीत. आई म्हणाली अहो चेतक कुठली, ती तर फियाट घेतली तेव्हाच दिली, बाबा म्हणाले मुळीच नाही दोन्ही एकदम होत्या, मग फियाट नक्की कधी आली, लूना मोपेड कुणाला दिली, यावर असा काही वाद रंगला की हळदकुंकवाचं ताट बॉनेटवर तसंच राहिलं आणि वॉचमनकाका पेढ्यांसाठी ताटकळले. त्याच रात्री मी एक दोनशे पानी वही काढली. आता वर्ष होत आलं, वही निम्मी भरलीये, आणि या भानगडीत मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नये म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे फॅमिली ग्रुपवर विचारलं. "आपल्या जुन्या गाड्यांच्या आठवणी पाठवा", झालं, सतरा अंगठे, चार हात जोडलेले, आणि आत्याने कुठूनतरी फॉरवर्ड झालेला दुसऱ्याच कुणाच्यातरी गाडीचा फोटो टाकला. ग्रुपवर काहीही मिळत नाही. एकेकाला वेगवेगळं गाठायचं, शक्यतो चहाच्या वेळी, आणि नवराबायकोला तर एकत्र मुळीच बसवायचं नाही. बाबांना विचारलं की किंमत, ॲव्हरेज, टायर कधी बदलले हे मिळतं. आईला विचारलं की कोण कुठे बसलं होतं, कुठली साडी चेनमधे अडकली, कुणाला उलटी झाली हे मिळतं. दोन्ही लागतं. आणि काका भेटले तर जे सांगतील त्याच्या निम्मंच लिहायचं.

साल विचारू नका, सालं कुणालाच आठवत नाहीत. त्याऐवजी तेव्हा आपण कुठे राहत होतो, मी कितवीत होते, आजी होती का, असं विचारा. आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यातून कोथरूडला आलो त्यावरून अर्ध्या गाड्यांची वर्षं लागली. बाहेरच्या खुणाही कामाला येतात. मुंबईचा प्रवास आठवत असेल तर एक्सप्रेसवेने गेलो की जुन्या रस्त्याने असं विचारा, एक्सप्रेसवे २००२ मधे पूर्ण झाला त्यामुळे लगेच पत्ता लागतो. पाटीवर एमएच १२ असेल तर नंबर १९८९ नंतरचा, कारण ती पद्धतच तेव्हा सुरू झाली. त्याआधी आपल्याकडे एम ने सुरू होणारी नुसती तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे, आणि फोटोत काळ्या पाटीवर पांढरे आकडे दिसले तर तो जुना जमाना समजा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मधे आली, टाटा ४०७ हा छोटा ट्रक आला १९८६ मधे, त्यामुळे कुणी म्हणालं की आमच्याकडे १९८० ला मारुती होती तर हसून सोडून द्यायचं, भांडायचं नाही.

आता कागद. आरसी बुक शोधत बसू नका, ते गाडीबरोबर गेलेलं असतं. शोधायचं ते बाकीचं: इन्शुरन्सच्या जुन्या पावत्या, पीयूसी, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, आणि विक्रीच्या वेळच्या फॉर्म २९ आणि ३० च्या झेरॉक्स. आमच्याकडे हे सगळं माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या आहेराच्या यादीखाली मिळालं. त्यात एक चिटोरं होतं, चासी नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा. गाडी गेली, भंगारातही गेली असेल, पण तिच्या लोखंडावरचे आकडे आमच्याकडे पेन्सिलीत उमटलेले आहेत. मी तो कागद तसाच वहीत चिकटवायला निघाले होते, बरं झालं बहिणीने थांबवलं, गोंदाने वाट लागली असती. असे कागद पारदर्शक फोल्डरमधे ठेवा. आणि बाबा लोकांची खिशातली डायरी असते ना, पेट्रोल किती टाकलं, किलोमीटर किती झाले, ती मिळाली तर लॉटरी. आमच्या डायरीत एका पानावर "पेट्रोल ५ लि., ऑइल, कोथिंबीर" असं आहे.

फोटोसाठी दसऱ्याचे फोटो शोधा. आपल्याकडे गाडीचा मुद्दाम फोटो कोण काढायचं? रोलमधे ३६ फोटो, ते बारशाला आणि कोकणात जायचे. पण दसऱ्याला हार घातलेली गाडी आणि समोर आम्ही तेल लावून भांग पाडलेल्या, हा एक फोटो बऱ्याच घरी असतो. नाहीतर दुसऱ्याच फोटोंची मागची बाजू बघा, मुंजीच्या फोटोत मांडवाबाहेर कोपऱ्यात अर्धी फियाट दिसते तशी. जुन्या अल्बमचं चिकट पान असेल तर फोटो उपटू नका, खिडकीजवळ उजेडात ठेवून फ्लॅश बंद करून मोबाईलने तिथल्यातिथे काढा. आणि सध्याच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवायला जाणार असाल तर जुन्या पाटीचा फोटो आधीच काढून ठेवा, नंतर हळहळायला होतं.

आता मुख्य, लिहायचं काय. मी सुरुवातीला "आमची चेतक फार गुणी होती" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं, कारण त्यातून काहीच दिसत नाही. गाडीचं कौतुक लिहायचं नाही, ती चालू कशी करायचो ते लिहायचं. भाचा आता अकरावीत आहे, त्याने आयुष्यात फक्त बटण दाबलंय, त्याला वाचून जमेल इतकं सविस्तर. म्हणजे आधी पेट्रोलची चावी चालू, मग चोक, मग स्कूटर एका अंगाला चांगली कलती करायची, मग सरळ करून किक, तीन, चार, पाच, मग बाबा स्वेटर काढणार, मग परत किक, मग प्लग काढून पुसणार, प्लगवरची काजळी फडक्याला, फडक्याची आईच्या ओट्याला, आणि एकदाची लागली की निळा धूर सगळ्या वाड्यात आणि जोशीकाकू खिडकी धाडकन लावणार. दोन स्ट्रोकची गाडी, पेट्रोलमधे ऑइल मिसळून टाकायचं, तो वास लिहा. डाव्या मुठीत क्लच आणि तीच मूठ फिरवून गिअर. बसायची पद्धत लिहा: मी पुढे उभी, हँडल धरून, तोंडावर वारा, आई मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर धाकटी, आणि मधे भाजीची पिशवी. हेल्मेट हा शब्द आमच्या घरात नव्हता. पेट्रोल रिझर्व्हला आलं की बाबा चालत्या गाडीवर खाली वाकून चावी फिरवायचे आणि तेवढ्या वेळात मला वाटायचं गाडी मीच चालवतेय.

लूनाचंही तसंच. पॅडल मारून चालू करायची, चढावर पॅडल मारून मदत करायची, आणि एसपी कॉलेजच्या बाहेर पॅडल मारताना कुणी ओळखीचं दिसलं की मेल्याहून मेल्यासारखं.

फियाटच्या पानावर मी एक नियम केला तो सगळ्यात उपयोगी पडला, पान मधे दुमडायचं आणि एका बाजूला बाबांची हकीकत, दुसऱ्या बाजूला आईची. खंबाटकी घाटात गाडी तापली त्याबद्दल बाबांच्या बाजूला आहे: "इंजिन जरा गरम झालं, पाच मिनिटं थांबलो." आईच्या बाजूला दीड पान आहे. निघताना पाणी बघा म्हटलं होतं तर बघितलं नाही, बॉनेटमधून वाफ, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायला निघाले होते ते मी हात धरून मागे ओढलं, तासभर कठड्यावर बसलो, दडपे पोहे लग्नघरी द्यायचे होते ते तिथेच संपवले, आणि पुढच्या सीटवर (ती अख्खी एक लांब सीट होती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे तिघं आरामात) तिन्ही पोरं झोपून गेली. दोघांना एकमेकांची बाजू वाचायला दिली नाही अजून.

ट्रकचं वेगळं आहे. सासवडच्या काकांकडे ४०७ होता, ते चारशे सातच म्हणायचे, अंजीर आणि सीताफळ भरून रात्री दिवेघाट उतरून पहाटे मार्केट यार्डात. इथे घरच्यांना विचारून फार मिळत नाही, कारण गाडीत घरचे नसायचेच. क्लीनर कोण होता ते शोधा. आमच्या काकांचा क्लीनर आता स्वतः नातवंडांचा आजोबा आहे, त्याने सांगितलं की काका घाटात उतरताना मोठमोठ्याने हरिपाठ म्हणायचे, झोप येऊ नये म्हणून. काकूंना हे माहीतच नव्हतं. ट्रकवर काय काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द उतरवा, कोण पेंटर, कुठले रंग, मागे कुणाकुणाची नावं. आमच्या ४०७ वर दोन्ही चुलतबहिणींची नावं होती आणि मधे हॉर्न ओके प्लीज, ज्यावर २०१५ ला महाराष्ट्रात बंदी आली. आणि हप्ता किती होता हे विचारायला लाजू नका. हप्त्याचा आकडा सांगताना काकांचा आवाज बदलला, ते बाकी कशात झालं नाही.

हातात धरायला काही हवं असेल तर पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, किंवा बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. मी तिथे चेतकचा म्हणून एक मीटर घेतला, घासाघीस न करता, आणि घरी आल्यावर बाबा म्हणाले हा चेतकचा नाहीच. पुरुष माणसाला बरोबर न्या असं नाही म्हणत, बाबांना न्या असं म्हणतेय.

गाडी गेली तो दिवस मात्र लिहाच, सगळे तो टाळतात. किल्ली कोणी दिली, डॅशबोर्डवरचा गणपती कोणी काढून घेतला, नवा मालक वळण घेऊन दिसेनासा होईपर्यंत कोण उभं होतं. पण त्या मालकाला शोधत जाऊ नका. मी परिवहनच्या ॲपवर फियाटचा नंबर टाकून बघितला होता, काही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. नंबर, कागदांचे फोटो वगैरे सोशल मीडियावर टाकू नका, गाडी आता दुसऱ्या कुणाच्यातरी नावावर आहे.

लूना कुणाला दिली ते अजून कळलेलं नाही. बाबा म्हणतात दूधवाल्याला, आई म्हणते मामाला, मामा म्हणतो मला कधी दिली. ते पान कोरं ठेवलंय.

परवा वही बाबांकडे तपासायला दिली होती. चेतकच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "ॲव्हरेज ५५, कायम." आज बघितलं तर खाली आईने पेन्सिलीने लिहिलंय, "४०. रिझर्व्हला ढकलत आणली ती मीच."