लघुलेखनाचा छंद: आधी वाचायला शिका, मग लिहायला

माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द सहज बोलतो. नेहमीच्या लिपीत भरभर लिहिणाऱ्याचा हात मात्र तिशीच्या आसपासच दमतो. ही तफावत भरून काढायला लघुलेखन, म्हणजे बोलणं झटपट टिपायची खुणांची लिपी (शॉर्टहँड), निघालं. नोकरीसाठी शिकणाऱ्याला परीक्षेचा वेग गाठावाच लागतो, छंद म्हणून शिकणाऱ्यामागे तो तगादा नसतो. पण आपणच लिहिलेलं महिन्याभराने आपल्याला वाचता येणं, यातून दोघांचीही सुटका नाही. बहुतेक जण तिथेच गळतात, कारण सगळा जोर लिहिण्यावर आणि वाचन मात्र शून्य.

पद्धत एकच धरा

आयझॅक पिटमनची पद्धत 1837 ची, जॉन रॉबर्ट ग्रेगची 1888 ची. दोन्ही उच्चारावर चालतात, स्पेलिंगवर नाही. क-च-ट-त-प चे वर्ग लहानपणी घोकलेल्या माणसाला पिटमन चटकन पटते. प म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरती तिरपी रेघ, ट म्हणजे सरळ उभी, च उलट्या बाजूने तिरपी, क आडवी. याच रेघा जरा दाबून जाड काढल्या की ब, ड, ज, ग. स्वर म्हणजे रेघेशेजारचे ठिपके आणि बारीक आडव्या खुणा.

ग्रेगमध्ये जाड-बारीक हा प्रकार नाही, तिथे सगळा खेळ लांबीचा. आखूड आडवी रेघ म्हणजे न, लांब म्हणजे म. स्वरांची वर्तुळंही ओघातच जोडली जातात. जेम्स हिलची टीलाइन 1968 ची. ती रोमन अक्षरांवरून बेतलेली असल्यामुळे लवकर येते, पण ती इंग्रजीसाठीच घ्यावी.

मराठीत लिहायचं असेल तर मराठी लघुलेखनाचंच पुस्तक मिळवा. इंग्रजीच्या पुस्तकात ख-घ, त-ट, ण-ळ यांची सोय नसते आणि स्वतः चिन्हं बनवत बसलात तर ती वाचणारे जगात तुम्ही एकटेच उराल. पुस्तकाची आवृत्तीही बदलू नका. ग्रेगच्या 1929, 1949 आणि 1963 च्या आवृत्त्यांत संक्षेप, म्हणजे नेहमीच्या शब्दांची ठरलेली आखूड रूपं, वेगवेगळे आहेत. तीन ठिकाणचं थोडं थोडं उचललं की खिचडी होते. पुस्तकासोबतची ‘की’, म्हणजे उत्तरपुस्तिका, असेल तर ती आधी पदरात पाडून घ्या.

साहित्य

पिटमनसाठी मऊ पेन्सिल किंवा दाब घेणारी निब, कारण बॉलपेनने जाड-बारीक फरक नीट उमटत नाही. ग्रेगला बॉलपेन चालतं. वरून उलटणारी, मधोमध उभी रेघ आखलेली स्टेनो वही घ्या. ओळ अर्ध्या रुंदीची झाली की हात कमी सरकतो.

पहिले काही आठवडे

रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे. त्यातली निम्मी वाचनाला द्या. पुस्तकातला छापील उतारा मोठ्याने वाचायचा, अडलं तर लगेच ‘की’ बघायची, मग तोच उतारा उतरवायचा. डोळ्याला नीट आकारांची सवय झाली की हात आपोआप त्याच्या मागे जातो.

वाचन एवढं का महत्त्वाचं, ते एका सांगाड्यात दिसतं. प आणि ट च्या रेघा जोडून स्वर गाळा. तो शब्द पोट असेल, पाट असेल, पाटी किंवा पेटीही. पिटमनमध्ये आकृती ओळीच्या वर, ओळीवर की ओळ छेदून काढली आहे, यावरून पहिल्या स्वराचा अंदाज येतो. म्हणून सुरुवातीला सगळे स्वर लिहा आणि पुढे गाळायला लागलात तरी आकृतीची जागा सांभाळा. विशेषनामांत मात्र स्वर कधीच गाळू नका. बाकीचं वाक्य संदर्भाने सुटतं, आडनाव सुटत नाही.

वेग नंतर. सोपा उतारा फोनवर स्वतःच्या आवाजात संथपणे रेकॉर्ड करा, तो न अडखळता उतरला की जरा भरभर वाचून पुन्हा रेकॉर्ड करा. डिक्टेशन चालू असताना शब्द सुटला तर जागा सोडून पुढे जा, मागे वळलात की पुढचे पाच जातात. आठवड्याने तीच पानं उघडा. ताज्या नोट्स आपण स्मरणशक्तीवर वाचतो. खरी परीक्षा थंड झालेल्या नोट्सची.

शिकवताना

दुसऱ्याला शिकवायला वेगवान असायची गरज नाही, आकृत्या स्वच्छ हव्यात. सगळ्यात चांगला सराव वह्या बदलण्याचा: तुमचं त्याने वाचायचं, त्याचं तुम्ही. तो अडखळला की लगेच शब्द सांगून टाकू नका. कुठली रेघ कशी दिसते ते विचारा. ग्रेगमधला तुमचा न त्याला म वाटत असेल तर ते तुमच्या हाताबद्दलच आहे.

जपताना

सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने 1660 ते 1669 पर्यंतची रोजनिशी थॉमस शेल्टनच्या लघुलेखन पद्धतीत लिहिली. जॉन स्मिथने 1819 पासून सुमारे तीन वर्षं खपून ती उलगडली. त्या पद्धतीचं पुस्तक मात्र पेपिसच्याच ग्रंथसंग्रहात पडून होतं, आणि स्मिथला ते ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर साध्या लिपीत लिहा: पद्धत, पुस्तकाची आवृत्ती, भाषा, तारखा आणि स्वतः पाडलेले संक्षेप. निदान एका पानाचं पूर्ण लिप्यंतर जोडा.

स्कॅन रंगीत किंवा ग्रेस्केलमध्ये करा. पान ‘स्वच्छ’ करणारं फोनचं ॲप टाळा; ते काळं-पांढरं करताना जाड-बारीक फरक पुसतं आणि स्वराचे ठिपके धुळीचे डाग समजून उडवतं. पेन्सिलीची पानं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये आम्लरहित कागद घाला.

घरात किंवा ओळखीत एखादे निवृत्त स्टेनो असतील आणि त्यांच्या जुन्या वह्या शिल्लक असतील, तर आधी त्या गुप्त कामाच्या नाहीत ना, हे विचारून घ्या. मग त्यांना मोठ्याने वाचायला सांगा आणि रेकॉर्ड करा. पान उलटताना पानाचा क्रमांक बोलायला लावा. वेळ कमीच असेल तर निदान माणसांची आणि गावांची नावं तरी त्यांच्याकडून लिहून घ्या. उरलेलं पद्धत जाणणारा कुणीही नंतर लावू शकतो.